दिवस भरायच्या आधी सुरू झालेल्या कळा

मला एकोणतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि मग त्या थांबल्या, परत आल्या, परत थांबल्या असं करत करत मी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पोचले. मधले दिवस कसे काढले ते सविस्तर लिहितेय, कारण तेव्हा रात्री झोप उडाली की मी मोबाईलवर मराठीत शोधायचे आणि एक तर "भरपूर पाणी प्या, आराम करा" एवढंच मिळायचं नाहीतर वाचून हातपाय गार पडतील असं काहीतरी. प्रत्यक्ष दुखत असताना त्या मिनिटाला काय करायचं, कधी गाडी काढायची आणि कधी घरीच थांबायचं हे कुठेच धड मिळालं नाही.

आम्ही सिन्नरला राहतो. मी एका पतसंस्थेत काउंटरला आहे, नवरा माळेगाव एमआयडीसीत. पहिलंच बाळंतपण. सहाव्या महिन्यापासून पोट अधूनमधून कडक व्हायचं पण त्याचं काही वाटायचं नाही, मॅडमनी (म्हणजे आमच्या डॉक्टर) आधीच सांगून ठेवलं होतं की याला ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात, जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये याबद्दल लिहिलं म्हणून ते नाव. त्यात पोट घट्ट होतं, फारसं दुखत नाही, वेळेचा काही मेळ नसतो आणि कूस बदलली, थोडं पाणी प्यायलं की जातं. माझं तसंच व्हायचं.

मग महिनाअखेरीला ते बदललं. काउंटरला गर्दी होती, दुपारपासून कंबर भरून आलेली, मला वाटलं बसून बसून झालं असेल. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र दुखणं मागून कमरेतून सुरू व्हायचं, दोन्ही बाजूंनी पुढे ओटीपोटात यायचं, पोट एकदम वर उचलल्यासारखं टणक व्हायचं आणि त्या वेळात मला बोलताच यायचं नाही. मिनिटभर तसं, मग हळूहळू सोडून द्यायचं, आणि जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत परत. पाळीच्या पहिल्या दिवशी दुखतं त्याच जातीचं, फक्त लाटेसारखं येऊन जाणारं. सासूबाई म्हणाल्या गॅस झाला असेल, ओवा आणि कोमट पाणी घे. घेतलं. मॅडमना फोन केला तर त्यांनी सांगितलं आधी लघवीला जाऊन ये, दोन ग्लास पाणी पी, डाव्या कुशीवर झोप आणि प्रत्येक कळ सुरू झाल्याची वेळ लिहून काढ. एक कळ सुरू झाली तिथपासून पुढची सुरू होईपर्यंत किती वेळ गेला ते मोजायचं, मधला थांबलेला वेळ नाही. तासात सहा किंवा त्यापेक्षा जास्त आल्या, किंवा अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर तास पूर्ण व्हायची वाट न बघता निघायचं.

सात-आठ मिनिटांनी येत होत्या. झोपूनही कमी झाल्या नाहीत. निघालो.

मॅडमनी थेट नाशिकलाच यायला सांगितलं, तिथल्या ज्या हॉस्पिटलमध्ये त्या जातात तिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे म्हणून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इतक्या लवकर कळा येत असतील तर जिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय आहे तिथेच गेलेलं बरं, कारण बाळ पोटात असताना आईला हलवणं सोपं आणि बाळासाठीही सुरक्षित, बाहेर आल्यावर एवढ्याशा जिवाला अँब्युलन्समधून नेणं फार अवघड. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. आमच्याकडे गाडी होती पण मोहदरी घाट आणि पुढचे स्पीडब्रेकर, नवरा प्रत्येकाला पार थांबून मग गाडी पुढे घ्यायचा आणि मी मागच्या सीटवर आडवी, आईचा संगमनेरहून सारखा फोन, तिला काय सांगावं तेच कळत नव्हतं.

लेबर रूममध्ये घेतल्यावर पोटाला दोन पट्टे बांधले, खालचा बाळाच्या ठोक्यांचा आणि वरचा पोट किती कडक होतंय त्याचा. कागद बाहेर येत होता आणि त्यावर कळ आली की रेघ वर चढायची, टोकाला जाऊन उतरायची. तिथल्या सिस्टरने मला एक गोष्ट शिकवली ती मी नंतर रोज वापरली. तिने माझा हात धरून माझ्याच पोटावर वरच्या बाजूला ठेवला, बोटांची टोकं सपाट, आणि म्हणाली, "ताई, आता दुसऱ्या हाताने नाकाचा शेंडा दाबून बघा. पोट एवढंच घट्ट लागलं तर कळ हलकी. हनुवटीएवढं लागलं तर मध्यम. कपाळाएवढं लागलं तर जोराची." पुढची कळ आली तेव्हा मी खरंच एक हात पोटावर आणि एक हनुवटीवर ठेवून बघितलं. हनुवटीपेक्षा जास्त, कपाळापेक्षा कमी. त्या क्षणी मला पहिल्यांदा जरा ताब्यात आल्यासारखं वाटलं, म्हणजे दुखणं तेवढंच होतं पण आता मला त्याच्याबद्दल काहीतरी सांगता येत होतं.

आतून तपासलं, गर्भपिशवीचं तोंड बंद होतं. मग आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजली, ती २२ मिलिमीटर भरली. २५ च्या खाली म्हणजे आखूड. मॅडमनी नीट बसून समजावलं, त्यांचं मला हे फार आवडतं, की दुखतंय किती यावरून बाळंतपण जवळ आलंय की नाही ते ठरत नाही. कोणाला भयंकर कळा येतात आणि तोंड हलतही नाही, कोणाची नुसती कंबर दुखते आणि तोंड उघडलेलं असतं. म्हणून तपासायचं, मोजायचं आणि मग ठरवायचं. मला हे ऐकून खूप आधार वाटला, कारण तोपर्यंत मनात चाललं होतं की आपण उगाच बाऊ करतोय का. पोटात दुखत असेल तर ते दुखतंयच, तपासणीत काहीही निघो. आपल्याकडे बायकांना सगळं अंगावर काढायची सवय असते आणि घरचेही म्हणतात एवढं तर होतंच, पण सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आधी ठरावीक वेळाने कळा येत असतील तर अंगावर काढायचंच नाही, मग त्या पुढे जाऊन थांबल्या तरी चालेल.

मला बीटामेथासोनचं इंजेक्शन दिलं, १२ मिलिग्रॅम, कमरेत, आणि चोवीस तासांनी दुसरं. ते बाळाच्या फुप्फुसांसाठी असतं, बाळ लवकर आलंच तर श्वास घ्यायला त्रास कमी व्हावा म्हणून. (वॉर्डात पडल्या पडल्या वाचलं की न्यूझीलंडच्या लिगिन्स या डॉक्टरांच्या हे मेंढ्यांवर प्रयोग करताना लक्षात आलं आणि १९७२ मध्ये त्यांनी आणि हाउई यांनी बायकांवर केलेल्या अभ्यासातून ते सिद्ध केलं. मला त्या रात्री त्या माणसांचे पाय धरावेसे वाटले.) सोबत निफेडिपिनच्या गोळ्या, ही खरं तर बीपीची गोळी पण पिशवीचा स्नायू सैल पडतो म्हणून देतात. प्रत्येक गोळीच्या आधी बीपी बघायचे. गोळीने चेहरा तापायचा, छातीत धडधडायचं आणि डोकं असं ठणकायचं की कळ बरी म्हणावं, पण मॅडमनी आधीच सांगितलेलं असल्यामुळे घाबरले नाही.

एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि बऱ्याच जणींना नसते. मला वाटलं होतं की या गोळ्या चालू ठेवल्या की नवव्या महिन्यापर्यंत निभावेल. तसं नसतं. या गोळ्यांचं काम साधारण ४८ तास मिळवून देणं, तेवढ्यात ती दोन इंजेक्शनं लागू पडतात आणि गरज असेल तर आईला मोठ्या हॉस्पिटलला हलवता येतं. त्यानंतर पिशवी आपली आपण शांत झाली तर झाली. माझ्याही गोळ्या त्यानंतर बंदच केल्या. दुसऱ्या इंजेक्शननंतर बाळ जरा कमी हलत होतं, माझा जीव वरखाली, पण सिस्टरने परत पट्टा लावून ठोके दाखवले आणि सांगितलं की या इंजेक्शनने एखाद-दोन दिवस असं होऊ शकतं, तरी कमी वाटलं की आम्हाला हाक मारायचीच.

लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन निघालं. मला जळजळ वगैरे काही नव्हती, पण गरोदरपणात असं न दुखता होऊ शकतं आणि त्यामुळे कळा सुरू होऊ शकतात. आमच्या ऑफिसचं टॉयलेट खालच्या मजल्यावर, तीन-चार ऑफिसांना मिळून एकच, त्यामुळे काउंटरवरच्या आम्ही सगळ्याच बायका दिवसभर मोजून पाणी पितो. हे अनेक ठिकाणी आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. अँटिबायोटिक सुरू झालं आणि मग कळांमधलं अंतर वाढायला लागलं.

पण त्या आधीची रात्र. वॉर्डात दिवे मंद केलेले, शेजारच्या बेडवरची बाळंतीण आणि तिचं बाळ, आणि मी दर दहा मिनिटांनी. ती रात्र मी श्वासावर काढली. कळ चढायला लागली की नाकाने हळू श्वास घ्यायचा, मनात चारपर्यंत, आणि तोंडाने त्याहून सावकाश सोडायचा, सहा-सातपर्यंत, ओठ अर्धवट मिटून. खांदे आणि जबडा सैल सोडायचा, हे मुद्दाम आठवून करावं लागतं कारण दुखताना दात आपोआप आवळले जातात. श्वास रोखायचा नाही आणि खाली जोर तर अजिबात द्यायचा नाही. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली घडी केलेली चादर. आई पहाटे पोचली, ती कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाबून धरायची, चोळायचं नाही, नुसतं दाबायचं, त्याने कमरेतली कळ निम्मी व्हायची. मी "आली" म्हटलं की ती हात ठेवायची आणि "गेली" म्हटलं की काढायची. मधल्या वेळात आम्ही दोघी काहीच बोलायचो नाही.

बालरोगतज्ज्ञही येऊन गेले. त्यांनी सांगितलं की एवढ्यात बाळ झालं तर वजन साधारण सव्वा किलोच्या आसपास असेल, श्वासासाठी मशिन लागू शकेल, दूध नळीने द्यावं लागेल, बरेच आठवडे एनआयसीयूत राहावं लागेल, पण अशी बाळं घरी जातात. ऐकताना रडू आलं पण ऐकल्यावर भीती कमी झाली. खर्चाचंही त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे तेही सांगितलं. ज्यांना खासगीत झेपणार नाही त्यांनी हे डोक्यात ठेवा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि आजारी बाळाचा इलाजसुद्धा मोफत असतो.

परत मोजलं तेव्हाही लांबी २२ च होती. कमी झाली नाही म्हणजे चांगलं. घरी सोडलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा. कळा पूर्ण गेल्या नव्हत्या, रोज संध्याकाळी हजेरी लावायच्या. मी एका वहीत तारीख, वेळ, किती मिनिटांनी, आणि पुढे ना, ह किंवा क असं लिहायचे, नाक, हनुवटी, कपाळ. बहुतेक ना असायचं, कधी ह. वहीमुळे फोनवर मॅडमना "खूप दुखतंय" ऐवजी "सहा वाजल्यापासून तीन आल्या, सगळ्या हलक्या, आता अर्धा तास काही नाही" असं सांगता यायचं आणि त्यांनाही ठरवणं सोपं जायचं. काय केल्याने वाढतात तेही वहीतूनच कळलं. लघवी तुंबवून ठेवली की हमखास, जिना चढला की, जेवायला उशीर झाला की, आणि कोणी येऊन तासभर बसलं की.

येणारे तर येतच होते. एक काकू माझ्यासमोरच सासूबाईंना म्हणाल्या की सातव्यात झालं तर जगतं, आठव्यात झालं तर जगत नाही, त्यामुळे व्हायचं तर आत्ताच झालेलं बरं. मी त्या रात्री झोपले नाही. मॅडमना विचारलं तर त्या चिडल्याच, म्हणाल्या पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं, यात दुसरा विचारच नाही. कृपा करून हे कोणत्याही गरोदर बाईसमोर बोलू नका. दुसऱ्या एकीने पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावायला सांगितल्या, सासऱ्यांनी विटा आणूनसुद्धा ठेवल्या. मॅडम म्हणाल्या गरज नाही, आणि पूर्ण झोपूनही राहायचं नाही, त्याने बाळंतपण थांबतं असं सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. घरातल्या घरात फिरायचं, वजन उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत. मालिशवाल्या मावशींना पोटाला हात लावू द्यायचा नाही. एरंडेल तर कोणी कितीही सांगितलं तरी घ्यायचं नाही. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही विचारून. घरात कॉम्बिफ्लामची पट्टी पडलेली असतेच, पण त्यातलं आयब्युप्रोफेन शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला आणि किडनीला त्रास देऊ शकतं. कमरेला कोमट पाण्याची पिशवी चालायची, पोटावर नाही.

रजेचं पण लिहिते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. कायद्याप्रमाणे पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, पण त्यातले बाळंतपणाच्या तारखेआधी जास्तीत जास्त आठच घेता येतात. मला तर त्याच्याही आधी घरी बसायची वेळ आली. त्याच कायद्यात गरोदरपणामुळे आलेल्या आजारपणासाठी, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठी वगैरे आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लावायचं. आमच्या मॅनेजरनाही माहीत नव्हती, त्यांना कलम दाखवलं तेव्हा मंजूर झाली.

डोहाळजेवणाचा हॉल रद्द केला. फुलांचे दागिने, झोपाळा सगळं ठरलेलं, वाईट वाटलं. आईने आणि सासूबाईंनी मिळून घरीच पलंगावर बसवून ओटी भरली, पाच बायका, पंधरा मिनिटांत उरकलं. दोन वाट्यांतली मी उघडली त्यात पेढा निघाला, सगळ्या म्हणाल्या मुलगा.

तेहतिसाव्या आठवड्यात परत एका रात्री सहाच्या वर मोजल्या, वहीत सलग ह. परत घाट, परत पट्टे. तोंड बंद, लांबी तशीच, पहाटेपर्यंत कळा विरल्या आणि घरी पाठवलं. परत येताना मला फार अपराधी वाटत होतं, सगळ्यांची झोपमोड, नवऱ्याची पहिली शिफ्ट. त्याच सिस्टर ड्युटीला होत्या, त्या म्हणाल्या, "ताई, दहा वेळा या आणि दहा वेळा घरी जा. आम्हाला ते आवडतं." पुढे जेव्हा जेव्हा मनात यायचं की आता कशाला फोन करायचा, तेव्हा मी तरीही फोन केला.

मग छत्तिसावा लागला आणि एका पहाटे कूस बदलताना पाणी गेलं. कोमट, भरपूर, थांबेचना. त्यानंतरच्या कळा वेगळ्याच होत्या, कूस बदलून, पाणी पिऊन, कशानेही फरक नाही, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब आणि कपाळाएवढ्या. श्वास मात्र तोच उपयोगी पडला, इतक्या आठवड्यांची सवय होती, लेबर रूममधल्या मावशी म्हणाल्या पहिलटकरीण वाटत नाही. दुपारी मुलगी झाली, नॉर्मल. २ किलो ३०० ग्रॅम. लगेच रडली. कावीळ वाढली म्हणून निळ्या लाईटखाली ठेवावं लागलं, सुरुवातीला ओढायची ताकद कमी म्हणून दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं, आणि छातीशी उघड्या अंगावर घेऊन मी तासन् तास बसायचे, तसं सिस्टरने शिकवलं होतं, आमची पिल्लू तिथेच सगळ्यात शांत झोपायची.

डिस्चार्जच्या वेळी मॅडमनी कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की हे बाळंतपण सदतीस आठवड्यांच्या आधी झालंय. पुढच्या खेपेला दिवस राहिले की कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी पहिल्याच भेटीत हे सांगायचं, सोळाव्या आठवड्यापासून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजत राहायची, आखूड वाटली तर प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) द्यायचा किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा विचार वेळेत करता येतो, आणि लघवीची तपासणी काही त्रास नसला तरी करायची. ते कार्ड आणि ती वही दोन्ही मी मुलीच्या लसीकरणाच्या फाईलमध्येच ठेवलंय. ज्यांचं बाळ असं आधी झालंय त्यांनी आपलं कार्ड काढून त्यावर आठवडे लिहिलेत का बघा, नसतील तर हॉस्पिटलकडून लिहून घ्या.